डास ओळखण्याची विद्या

कीटकशास्त्र म्हटले की जाळे घेऊन फुलपाखरांमागे धावणारा एखादा हौशी साहेब आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्याच्या पोटाला चिमटा नाही त्याचाच हा उद्योग, असा एक समज आहे. पण कीटकांतील भेद ओळखणे ही जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे, आणि याला डासाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

प्रथम कीटक म्हणजे काय ते पाहू. डोके, छाती आणि पोट असे शरीराचे तीन भाग, छातीला जोडलेले सहा पाय, डोक्यावर दोन मिशा. आठ पायांचा कोळी आणि पुष्कळ पायांची गोम या पंक्तीत बसत नाहीत. बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. डास आणि माशी यांना मात्र एकच. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठी उरल्या आहेत व उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम. मिशा झुपकेदार दिसल्या तर तो नर समजावा. तो फुलांच्या रसावर जगतो, आपल्या वाटेला जात नाही. रक्त पिते ती मादी, कारण अंडी पिकण्यासाठी तिला ते लागते. तिची सोंड ही एक सुई नव्हे. म्यानात बसवलेल्या सहा सुयांचा तो जुडगा आहे. त्यांतल्या एका वाटेने लाळ आत सोडायची, दुसऱ्या वाटेने रक्त ओढायचे. हिवतापाचे जंतू त्या लाळेबरोबर आपल्या अंगात शिरतात.

आता रोनाल्ड रॉसची हकीकत. अल्मोड्यास जन्मलेल्या या लष्करी डॉक्टरने 1895 साली सिकंदराबादेस हिवतापाच्या रोग्यांचे रक्त प्यालेले डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सुरुवात केली. दोन वर्षे गेली, हाती काही आले नाही. कष्टात कसूर नव्हती. तपासत होता ते डासच दुसऱ्या जातीचे होते. अखेर 20 ऑगस्ट 1897 रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला ते जंतू दिसले. ही जात ॲनॉफिलीस. ते डास ज्याच्या रक्तावर पोसले, त्या हुसेन खान नावाच्या रोग्याला दर डासामागे एक आणा देण्यात आला. रॉसला 1902 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मजुरीच्या दरावर बोलण्याची माझी जुनी खोड आहे, ती येथे आवरतो.

ही जात ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. भिंतीवर बसताना ॲनॉफिलीस पोटाची बाजू वर उचलून तिरका बसतो, जणू खिळा तिरपा ठोकला आहे. क्युलेक्स पाठीला कुबड काढून भिंतीशी समांतर बसतो. तो घाण पाण्याचा वासकरी, आणि हत्तीरोग पसरवतो. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या चावणारा तो एडीस, डेंग्यू त्याच्याकडे.

पण डास बसलेला सापडेलच असे नाही. म्हणून त्याचे बालपण पाहावे, ते पाण्यातच असते. अंडे, अळी, कोष आणि डास असा हा चार पायऱ्यांचा प्रवास आहे. अळी कात टाकीत वाढते. स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष काही खात नाही, केवळ श्वासासाठी वर येतो. उष्ण हवेत हा सारा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडे कोरडे करा असे सांगतात, ते या हिशेबाने. एडीसची अंडी मात्र पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. तेव्हा नुसते ओतून भागत नाही, काथ्याने घासावे लागते.

हाच हिशेब बांधकामावर लावून पाहा. नव्या स्लॅबवर आळी करून आठवडा-दोन आठवडे पाणी साठवतात. डासाला हवी तेवढीच ही मुदत! मजूर तापाने पडला की मुकादम म्हणतो, ताप गावाहून आणला असेल. पहिल्याचा ताप एखादे वेळी गावचा असेलही. पण त्याचे रक्त प्यालेल्या ॲनॉफिलीसच्या पोटात जंतू साधारण दहा ते चौदा दिवसांत पक्व होतात, आणि मग तीच मादी शेजारच्या झोपडीतल्यांना चावते. ती कोठे वाढली, हा खरा प्रश्न. स्लॅबवरचे, लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्यावे आणि क्षणभर स्थिर धरावे. शेपटीकडची नळी वर लावून अळी डोके खाली करून लोंबत असेल तर ती क्युलेक्स किंवा एडीस. ॲनॉफिलीसच्या अळीला ती नळी नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडून राहते. एवढे दिसले की वाडगा तसाच मुकादमापुढे न्यावा.