जुन्या पुढाऱ्यांची पत्रं : सहीपलीकडे काय बघायचं?

राजकीय पुढाऱ्यांची हस्तलिखित पत्रं जमवणं हा अमेरिकेतला जुना छंद. वॉशिंग्टन, लिंकन यांच्या एकेका पत्राचा लिलाव होतो. पण तिथल्याच संग्राहकांचा अनुभव असा, की नुसत्या सहीवर भरवसा ठेवता येत नाही. १८३३ च्या कायद्यानं जमिनीच्या सनदांवर राष्ट्राध्यक्षांच्या वतीनं सही करायला सचिव नेमण्याची सोय झाली. म्हणजे नाव अँड्र्यू जॅक्सनचं, हात सचिवाचा! पुढे जोसेफ कोसी नावाच्या माणसानं लिंकनच्या हस्ताक्षरातले बनावट कागद कित्येकांना विकले.

आता आपल्या धाराशिवकडे येऊ. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा इथल्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. त्या काळातल्या कार्यकर्त्यांच्या घरी, ट्रंकेत नाहीतर माळ्यावर, पत्रांचं एखादं गाठोडं आजही असू शकतं. ते हाती आलं तर काय बघायचं?

पहिलं, नाव. स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. रामानंद तीर्थ हे संन्यासानंतरचं नाव. तेव्हा संन्यासाआधीची तारीख आणि खाली ‘रामानंद तीर्थ’ अशी सही दिसली, की शंका घ्यायलाच हवी.

दुसरं, तारीख. निजामी राज्यात फसली सन चाले. हैदराबादेत तो ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सनात ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे १३४८ फसलीचा आजूर हा १९३८ चा ऑक्टोबर. हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, तोच हा महिना.

तिसरं, पाकीट. लोक पत्र ठेवतात आणि पाकीट टाकून देतात. असं करू नका. निजामाची टपाल तिकिटं राज्याच्या आतच चालत. सोलापूर जवळ असलं तरी ते ब्रिटिश मुलुखात, तिकडे जाणाऱ्या टपालाला ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. पत्र कुठून कुठं गेलं, हे तिकीट आणि शिक्का सांगतो.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारची पत्रं. प्रसिद्ध सहीचं एकच पत्र काढून विकलं, की बाकीचं गाठोडं रद्दीत जातं. मग त्या पत्राला उत्तर कुणी दिलं, पैसे कुणी पोचवले, निरोप कुणी नेला, हे कळायला मार्गच उरत नाही. स्वामीजींवर पुस्तकं आहेत. निरोप नेणाऱ्या गावातल्या माणसाची खूण मात्र त्या एका चिठ्ठीतच असते. वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरं तपासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, तेही अशाच घरगुती कागदांतून.

म्हणून आपण एवढं करू. पत्राला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, टाचण्या काढून ठेवायच्या. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे, गाठोड्यातला क्रम मोडायचा नाही आणि ते कुणाच्या घरचं हे वेगळ्या कागदावर लिहायचं. ७५ वर्षांपेक्षा जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं, खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. घरात सांभाळणं जमत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरला शासनाचं पुराभिलेख कार्यालय आहे. रद्दीवाल्याच्या आधी तिथं विचारा.