अमेरिकन मिलिशिया अधिकाऱ्यांची पत्रे

अमेरिकन मिलिशिया अधिकाऱ्यांची पत्रे : उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या काळात आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–८३) मिलिशियाच्या, म्हणजे नागरी सेनेच्या अधिकाऱ्यांनी स्वहस्ते लिहिलेली पत्रे. इतिहासाचे साधन आणि संग्राह्य वस्तू अशा दोन्ही नात्यांनी त्यांना महत्त्व आहे; मात्र संग्राहक ज्यासाठी अधिक पैसे मोजतो, ते इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने मोलाचे असतेच असे नाही.

मिलिशिया ही खडी, पगारी फौज नव्हती. वसाहतींच्या कायद्यांनुसार साधारणतः १६ ते ६० वर्षे वयाच्या धडधाकट पुरुषांना बंदूक बाळगून ठरावीक दिवशी कवायतीस हजर राहावे लागे. मॅसॅचूसेट्समध्ये कंपनीतील लोकच आपला कप्तान निवडीत. तो बहुधा गावातील प्रतिष्ठित शेतकरी, व्यापारी किंवा खाणावळीचा मालक असे. त्याच्या दिमतीला कारकून क्वचितच असल्याने पत्रे त्याच्याच हातची असत. त्यांतील शुद्धलेखन उच्चाराबरहुकूम चालते आणि मजकूरही साधा असतो : बंदुकीची दारू संपत आली आहे, पगार थकला आहे, हंगाम तोंडावर आल्याने माणसे घरी परतू पाहत आहेत. युद्धाचे असे दैनंदिन चित्र सेनापतींच्या अहवालांत अभावानेच आढळते.

या पत्रांना विशेष मोल येण्यास एक दुर्घटनाही कारणीभूत झाली. ८ नोव्हेंबर १८०० रोजी वॉशिंग्टन शहरातील युद्धखात्याच्या कचेरीस आग लागून स्वातंत्र्ययुद्धकालीन बरेचसे दप्तर नष्ट झाले. त्यामुळे खाजगी घरांतील पेट्यांत पडून राहिलेल्या कागदांना पुराव्याचे स्थान प्राप्त झाले. १८३२ च्या कायद्याने मिलिशियातील वृद्ध सैनिकांनाही निवृत्तिवेतन मिळू लागले, तेव्हा आपली सेवा सिद्ध करण्यासाठी अनेकांनी जपून ठेवलेले हुकूम, नेमणूकपत्रे आणि पत्रे अर्जासोबत सरकारात दाखल केली. असे कित्येक मूळ कागद आज राष्ट्रीय अभिलेखागारातील निवृत्तिवेतनाच्या फायलींत आहेत.

एका पत्राने किती गोष्टी उजेडात येऊ शकतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे विल्यम प्रेस्कट (१७२६–९५) याचे २५ ऑगस्ट १७७५ चे पत्र. पेपरेल गावचा हा शेतकरी मिलिशियातून वर आलेला कर्नल होता. चार्ल्सटाउन येथील लढाईची तपशीलवार हकीकत जॉन ॲडम्सला हवी आहे, असे भावाकडून कळल्यावर त्याने केंब्रिज येथील छावणीतून हे पत्र ॲडम्सला लिहिले. १६ जूनच्या संध्याकाळी सुमारे १,००० लोकांसह ब्रीड टेकडीकडे कूच करण्याचा हुकूम मिळाल्याचे तो सांगतो. बंकर हिल या नावाने प्रसिद्ध असलेल्या या लढाईत तटबंदी नेमक्या कोणत्या टेकडीवर करावयाची होती, याविषयी पुढे बराच वाद झाला. त्यात हे विधान महत्त्वाची साक्ष ठरते. शत्रूच्या डोळ्यांतील पांढरे दिसेपर्यंत गोळी झाडू नका, ही लढाईतील सुप्रसिद्ध आज्ञा कोणी प्रेस्कटच्या तोंडी घालतात, तर कोणी इझ्रेएल पटनमच्या. पत्रात ती मुळीच नाही. शत्रू ३० यार्डांवर येईपर्यंत आपण गोळीबार थांबविला, एवढेच प्रेस्कट नोंदवितो. शेवटी किल्ल्यात सुमारे १५० लोक उरले व दारूगोळाही संपत आला, हेही तो कोणताही आव न आणता सांगतो. दंतकथेपेक्षा हे कोरडे निवेदनच अधिक परिणामकारक आहे.

अशा पत्राची पारख कागदापासून सुरू होते. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला असे. तो उजेडासमोर धरला असता साच्यातील तारांच्या समांतर रेषा व बहुधा जलचिन्ह दिसते. शाई मायफळ व लोहक्षार यांची असून ती कालांतराने तपकिरी होते व कागदही खाते. लेखणी पिसाची असे; पोलादी टाकाचा सर्रास वापर एकोणिसाव्या शतकातला. पाकीट नसल्यामुळे कागदाची घडी घालून त्यावरच पत्ता लिहीत व लाखेची मोहोर लावीत. तिचे डाग, घड्यांच्या खुणा आणि पत्र मिळाल्यावर पाठीमागे केलेली नोंद या गोष्टी अस्सलपणाला पुष्टी देतात. तथापि जुना कोरा कागद मिळविणे अवघड नसते. फिलाडेल्फियाचा रॉबर्ट स्प्रिंग हा बनावट लेखक जुन्या पुस्तकांतील कोरी पाने वापरून वॉशिंग्टनच्या हस्ताक्षरात परवाने तयार करी.

अमेरिकेत हस्ताक्षरसंग्रहाची आवड रुजविण्यात विल्यम स्प्रेग (१७९५–१८७६) या धर्मोपदेशकाचा मोठा वाटा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन हाही मुळात व्हर्जिनियाच्या मिलिशियातील मेजर. त्याच्या दप्तरातील सुमारे १,५०० पत्रे, जागी नकला ठेवून, स्प्रेगने त्याचा पुतण्या बुश्रॉड याच्या परवानगीने नेली. त्या काळी यात कोणाला वावगे वाटले नाही. खुद्द इतिहासकार जॅरेड स्पार्क्स यानेही वॉशिंग्टनच्या, न वापरलेल्या पहिल्या अध्यक्षीय भाषणाच्या मसुद्याचे तुकडे कापून हौशी लोकांना वाटले. पत्रातील सही तेवढी कापून वहीत चिकटविण्याची रीत तर याहून घातक होती. तिने मजकूर, तारीख व स्थळ कायमचे तोडले. आज पूर्ण स्वहस्तलिखित पत्राला कापीव सहीपेक्षा कितीतरी अधिक किंमत येते. मात्र नामांकित व्यक्तीची क्षुल्लक चिठ्ठी अनोळखी कप्तानाच्या युद्धवर्णनापेक्षा महाग विकली जाण्याचे प्रकार अजूनही घडतात.

मालकीचा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये एका संग्राहकाकडील अठराव्या शतकातील दोन न्यायालयीन कागद राज्याचेच असल्याचा निर्णय दिला. असे कागद केवळ दीर्घकाळ खाजगी ताब्यात राहिल्याने सरकारचा हक्क बुडत नाही, असे त्यात मानले गेले. त्यामुळे गव्हर्नरला किंवा वसाहतीच्या समितीला उद्देशून लिहिलेले मिलिशिया अधिकाऱ्याचे पत्र विकत घेण्यापूर्वी ते सरकारी दप्तरातून केव्हा व कसे बाहेर पडले, याची चौकशी करावी लागते. कुटुंबीयांना लिहिलेल्या पत्रांबाबत ही अडचण सहसा उद्भवत नाही.