शेवळांचा रविवार

समाजमंदिराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर शेवळं या रानभाजीचा ढीग, आणि ढिगाभोवती पंधरा-सोळा मुलं. मी आरेतल्या या पाड्यावर महिन्यातले दोन रविवार गणित शिकवायला येते. आज पहिल्या पावसानं गणित रद्द केलं.

वर्ग पाड्यातल्याच दोन मुली चालवतात. बारावी झालेल्या, आठवडाभर नोकरी करणाऱ्या. शिकवायला मात्र आज आजी आहेत. एक शेवळं उचलून त्या वरचं आवरण सोलतात, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग मोडून बाजूला टाकतात. "हा पोटात गेला तर घसा धरतो." मग वाटीतली काकडाची हिरवी फळं दाखवतात. ती उकडून, ठेचून, त्यांचा आंबट रस भाजीत घातल्याशिवाय शेवळांची खाज मरत नाही. आजी वारलीत बोलतात, मुलं वारलीतच उलट विचारतात. एरवी माझ्यासमोर तोंड न उघडणारा पाचवीतला मुलगा आज मला पिवळा भाग ओळखायला शिकवतो. माझं पहिलं शेवळं त्यानं नापास केलं.

हाच मुलगा शाळेत कुठे राहतोस म्हटलं की "गोरेगाव ईस्ट" सांगतो. खोटं नाही ते. फक्त पाडा गाळलेला असतो.

आरे दुग्धवसाहत १९४९ची. पाडे त्याआधीचे, तरी आज पाड्यातल्या लोकांनाच कुणीही येऊन अतिक्रमणवाले म्हणतं. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबा ६ सप्टेंबर १९५० पूर्वी इथे राहत होते याचा कागद लागतो. आजींचं कालमापन वेगळं: तबेले येण्याआधी, तबेले आल्यावर. सासऱ्यांनी लावलेला आंबा त्या बोटानं दाखवतात. आंब्याला सही-शिक्का नाही. म्हणून मुलं शेवळं सोलत असताना वर्ग चालवणाऱ्या दोघींपैकी एक कोपऱ्यात बसून अर्ज भरते, जुन्या पावत्या, शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत लावून ठेवते. मला विचाराल तर या वर्गाचं निम्मं काम त्या पिशवीत आहे. देणगीदार येतात ते मात्र वारली चित्रांचे फोटो काढून जातात.

भाजी चुलीवर चढते. गरम भाकरीबरोबर प्रत्येकाला दोन-दोन घास. माझा घसा किंचित खवखवतो, बहुतेक माझंच शेवळं. आजी ओळखतात आणि न बोलता काकडाचा तुकडा हातावर ठेवतात.

साडेपाचला वर्ग मोडतो, मग काहीही अर्धं राहो. अंधार पडला की बिबट्याची वेळ. वाघोबाचा दगड पायवाटेलाच आहे. मुलं जाता जाता हात जोडतात आणि मोठ्यानं बोलत चालतात. रांग ठरलेली: मोठी पुढे आणि मागे, लहान मधे. मुख्य रस्त्यापर्यंत ती मला सोडायला येतात.

मला मधे घेतात.