मागे नुसती दोरी लावा

“आम्हाला कसली आलीय फॅशन, ताई!” हे वाक्य माझ्या दुकानात रोज एकदा तरी ऐकू येतं. बोलणारी बाई तेव्हा पिशवीतून मापाचा ब्लाऊज काढत असते. पोराला शिकवणीला सोडून आलेली असते, घरी कुकर लावायचा राहिलेला असतो. मी वहीत नाव लिहीपर्यंत ती पुढे म्हणते, “बाही तेवढी कोपरापर्यंत घ्या. आणि गळा मागच्यासारखा गोल नको, आता सगळ्या चौकोनीच घालतात.”

डोंबिवली पूर्वेला जिन्याखालच्या गाळ्यात माझं शिवणाचं दुकान आहे. दोन शिलाई मशिनं, एक पिकोचं. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक आयाच. कुणी दवाखान्यात कामाला, कुणी अंगणवाडीत, कुणी पोळीभाजीचे डबे करते, कुणी सकाळची गाडी पकडून फोर्टला जाते. शाळेची फी, घरभाडं आणि सासूबाईंची औषधं यांचा हिशेब या बायकांना तोंडपाठ असतो. यांना फॅशनशी देणंघेणं असतं का? असतं. पण ते साडीत शोधू नका, ब्लाऊजमध्ये शोधा.

कारण साडी बहुतेकदा तिने निवडलेलीच नसते. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलेली, भाऊबीजेला भावाने दिलेली, नाहीतर साडीच्या भिशीतली. ही भिशी आमच्याकडे छोटे दुकानदारच चालवतात. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, चिठ्ठी निघाली की दुकानदार जो गठ्ठा पुढे टाकेल त्यातली एक उचलायची. रंग, पोत, काठ सगळं दुसऱ्याच्या पसंतीचं. ब्लाऊज मात्र तिचा. साडीला जोडून आलेलं ऐंशी सेंटीमीटर कापड आणि माझी शिलाई, एवढ्यात तिला जे म्हणायचंय ते म्हणून घ्यायचं असतं.

मध्यंतरी एका रुग्णालयात मावशीचं काम करणाऱ्या वहिनी आल्या. पुतण्याचं लग्न. पोपटी सेमी-पैठणी, राणी रंगाचे काठ. मोबाइलवर त्यांनी मला एक फोटो दाखवला. दोन्ही बाह्या आरीवर्कने भरलेल्या, मोर, मणी, खाली लटकन. असं हाताचं काम करून घ्यायचं तर काही हजार सहज जातात, हे त्यांनाही ठाऊक होतं. किंमत त्यांनी विचारलीच नाही. म्हणाल्या, “यातलं काय काय काढलं तर आपल्याला बसेल?”

मग आम्ही दोघी काढायला बसलो. आरीवर्क गेलं, त्याच्या जागी उल्हासनगरच्या गजानन मार्केटात मिळतो तसा तयार मोराचा पॅच आला. पदर डाव्या खांद्यावर येतो, डावी बाही अर्धी त्याखालीच जाते, म्हणून मोर एकाच बाहीवर, उजव्या. कोपरापर्यंत बाही घ्यायला कापड अपुरं पडत होतं. साडी नेसताना जे टोक आत खोचलं जातं तिथला काठ कापून बाहीला जोडला. तो कापलेला कुणाला कधी कळत नाही. लटकन राहिलं, ते स्वस्त असतं. शेवटी त्या म्हणाल्या, “आत दोन्हीकडून इंच-इंच माया सोडा, उद्या मुलीला घालता आला पाहिजे.” अस्तर, पॅच धरून पाचशे वीस रुपये झाले. तीनशे तेव्हा दिले, उरलेले पगार झाल्यावर.

फॅशनचं पुस्तक मी वाचलेलं नाही, पण वहिनींनी त्या अर्ध्या तासात जे केलं त्याला अक्कल लागते. कुठली गोष्ट लोकांना दिसते आणि कुठली नुसती पैसे खाते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आयांची फॅशन अशी गाळून येते, आणि हे जुनंच आहे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला, माधुरी दीक्षितची जांभळी साडी आली आणि पाठ उघडी टाकणारा तो ब्लाऊज आला. मी तेव्हा एका बाईंच्या हाताखाली शिवण शिकत होते. कॉलेजच्या मुली हट्ट करून तसा गळा घ्यायच्या. दोन लेकरांच्या आया यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि हळूच सांगायच्या, “गळा माझा नेहमीचाच ठेवा, मागे नुसती दोरी लावा.” म्हणजे पाठ पूर्ण झाकलेली, आणि वर काहीही न बांधणारी एक दोरी, तिला दोन गोंडे. त्या वर्षी अशा दोऱ्या आम्ही इतक्या वळल्या की बोटं दुखायची. बाईंना हसू यायचं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. सासू घरात, नवरा कामावर, आणि तरी थोडी माधुरी हवी, तर ती एवढीच आणता येत होती.

मालिकांचंही तसंच. २०१३ साली ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि तिची नायिका जान्हवीचं ते लांब मंगळसूत्र गावोगाव गेलं. सोन्यात ते करणं आमच्या बायकांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण लोकलच्या लेडीज डब्यात लवकरच त्याची नक्कल आली, आणि ज्यांनी घेतली त्यांनी ते खोटं असल्याचं लपवलंही नाही.

आता जे सांगते आहे ते दुकानात बसल्याशिवाय लक्षात येत नाही. ज्या फॅशनने आईचा पैसा किंवा वेळ वाचतो, तीच टिकते. बाकीच्या दोन हंगामांत जातात.

मॅचिंग ब्लाऊजचंच घ्या. एक काळ असा होता की साडीचा रंग आणि ब्लाऊजचा रंग तंतोतंत जुळलाच पाहिजे. मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टूचे तागे भिंतभर रचलेले, आणि बायका साडीचं टोक हातात धरून दुकानाच्या दारात, कारण ट्यूबलाइटखाली आंबा आणि हळद सारखेच दिसतात. जितक्या साड्या तितके ब्लाऊज. मग कॉन्ट्रास्ट आलं. आज माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचा संसार तीन ब्लाऊजवर चालतो: एक सोनेरी, एक काळा, एक मरून. वर खणाचा एक असला तर मग बघायलाच नको. हा खण मूळचा कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. आमच्या आज्या त्याच्या चोळ्या घालायच्या, आम्ही तो ओटीत घेऊन कपाटात टाकून द्यायचो. अलीकडे मोठ्या दुकानांनी त्याच्या साड्या काढल्या, पर्सा काढल्या, आणि एकदम मागणी आली. आयांना ते कळल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर कपाटात साठलेले ओटीचे खण घेऊन माझ्याकडे आल्या. फॅशन घरातच घडी घालून पडलेली होती, खर्च फक्त शिलाईचा.

लेगिंगचंही तेच. पूर्वी पंजाबी ड्रेस म्हणजे कुर्ता, सलवार, ओढणी, तिन्हींचं कापड आणि दोन शिलाया. एक काळी लेगिंग आली आणि पाच कुर्त्या तिच्यावर निभावल्या. धुवायला सोपी, नाडी नाही, स्टेशनच्या जिन्यात पायात येत नाही. माझ्या धंद्याला लेगिंगने मोठा खड्डा पाडला, सलवारी शिवायला आता क्वचित कुणी येतं. तरी कुणावर रागवावं? मीसुद्धा दुकानात लेगिंगच घालते.

लोक पैशाचंच बोलतात, पण माझ्या गिऱ्हाइकांकडे पैशाहून वेळ कमी आहे. हातमागाच्या सुती साड्यांचं हल्ली फार कौतुक होतं. मलाही त्या आवडतात. पण सुती साडीला खळ लागते, इस्त्री लागते, नाहीतर दुपारपर्यंत तिचा बोळा होतो. इस्त्रीवाल्याकडे टाकली तर पैसे, घरी केली तर रात्रीची झोप. वन रूम किचनमध्ये, जुलैच्या पावसात, गॅलरीतल्या एका दोरीवर चौघांचे कपडे वाळत असताना बाई सुरतेची सिंथेटिक साडीच घेणार. रात्री पिळली, सकाळी नेसली. तिला कुणी ‘टेस्ट नाही’ म्हटलं की मला राग येतो. तिची आवड तिने आठवड्याच्या वेळापत्रकात बसवून घेतलेली असते.

मग नवरात्र येतं. नऊ दिवसांचे नऊ रंग हे काही शास्त्रात नाही. २००० नंतरच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’ने ही कल्पना उचलून धरली आणि मुंबईच्या लोकल, बँका, शाळा सगळीकडे ती पसरली. त्यातली गंमत बऱ्याच जणींना माहीत नसते: सात रंग वारावर ठरलेले आहेत. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी. उरलेल्या दिवसांना मोरपंखी, जांभळा, गुलाबी यांतले रंग फिरत राहतात. म्हणजे दरवर्षी नवी खरेदी करायचं कारणच नाही, एकदा जमवलं की जमलं. फक्त करड्याचं घोडं अडतं. करडी साडी आहेरात कोण देतं?

त्यावर आमच्या इमारतीतल्या बायकांनी तोडगा काढला. करडी साडी एकीकडे होती. दिवसा तिने नेसायची, संध्याकाळी आरतीला दुसरीने. दोघींचे ब्लाऊज काळे. अदलाबदलीचा हा बाजार पितृपक्षातच सुरू होतो. ऑफिसात मात्र मला हे रंग तितके निरागस वाटत नाहीत. पांढऱ्याच्या दिवशी चुकून हिरवी नेसून आलेल्या शिपाईबाईंना फोटोत कडेला उभं करतात, हे गिऱ्हाइकांकडूनच ऐकलंय. हौस होती तोवर बरं होतं, हजेरी झाली की त्याचा जाच होतो.

ज्यांना खरंच काही पडलेलं नाही अशाही असतात, त्यांना उगीच यात ओढायला नको. माझी एक मैत्रीण घरात, दुकानात, गिरणीत, सगळीकडे गाऊन आणि वर ओढणी एवढ्यावर असते. या गाऊनवरून वादही झालेत. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानेच बाहेर गाऊन घालण्यावर पाचशे रुपये दंड लावल्याची बातमी आली होती. मी ती वाचून दाखवली तेव्हा मैत्रीण म्हणाली, “पाचशे? दोन गाऊन येतील.”

हीच मैत्रीण मुलीच्या बाबतीत वेगळी. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर डोंबिवलीतली सगळी तरुण पोरं नटूनथटून जमतात, ते माहीत असेलच. त्या सकाळसाठी मुलीला काय हवं ते तिला दोन महिने आधी पाठ असतं. स्वतःच्या फॉल-पिकोवर वीस रुपये कमी करा म्हणून हुज्जत घालेल, मुलीच्या घागऱ्याची कॅनकॅन मात्र न विचारता घ्यायला सांगते. गेल्या दिवाळीला तिने स्वतःच्या लग्नातला शालू आणून टेबलावर टाकला, ‘याचा अनारकली कर’ म्हणाली. जर शाबूत होती, अंगचं कापड घडीवर विरलेलं. मी म्हटलं, एकदा कात्री लागली की परत नाही. ती म्हणाली, “वीस वर्षांत दोनदा नेसले. कर.” घडीच्या रेघा टाळून पदर पुढे घेतला, काठ घेराला लावले. कळ्या कापताना ती बाहेर चहा सांगायला गेली. उरलेल्या कापडाची तिने उशीची खोळ मागितली.

सध्या माझ्याकडे सर्वांत जास्त मागणी कशाला असेल, तर खिशाला. कुर्तीला खिसा, आणि साडी नेसणाऱ्यांच्या परकराला आतून चेनचा खिसा. मोबाइल, पास, दोन नोटा. गर्दीच्या गाडीत पर्स सांभाळायला तिसरा हात नसतो. एकीने शिवून घेतला, तिने डब्यात दाखवला, त्या आठवड्यात तिच्या डब्यातल्या चौघी आल्या. मी चाळीस रुपये घेते. परवा एक जण म्हणाली, “ताई, खिसा साडीच्या रंगाचा करा ना, दिसला तर जरा बरा दिसेल.” तर आता मी चिंध्यांची पिशवी रंगाप्रमाणे लावून ठेवते.