पुणे–दिल्ली : हवाई अंतर आणि उड्डाणकाल

‘दिल्ली पुण्याहून दोन तासांवर आहे’ हे वाक्य आज सर्रास ऐकू येते. व्याकरणदृष्ट्या त्यात वावगे काही नाही. ‘गाव दोन कोसांवर आहे’ या वाक्यात लांबीला लागणारा ‘वर’ येथे कालाला लागला आहे, इतकेच. प्रश्न उरतो तो हा की, हे दोन तास कोणते?

प्रथम अंतराचा विचार करू. लोहगाव विमानतळ सुमारे १८.६ उत्तर अक्षांशावर व ७३.९ पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा विमानतळ सुमारे २८.६ व ७७.१ वर. पृथ्वी गोल मानून या दोन बिंदूंतील लघुतम अंतर काढल्यास ते साधारण ११५५ किलोमीटर भरते. यालाच हवाई अंतर म्हणावयाचे. लोहमार्गाने हेच अंतर दीड हजार किलोमीटरांच्या घरात जाते.

जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर हा प्रवास दीड तासाच्या आत संपावयास हवा. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून काहीसा अधिक अवधी दिलेला आढळतो. याची कारणे उघड आहेत. वेळापत्रकातील काल विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, पाळीची वाट पाहणे, चढताना व उतरताना मंदावलेला वेग, ठरवून दिलेल्या हवाई मार्गांची वळणे, हे सर्व त्यात येते. लोहगाव हा मुळात वायुदलाचा तळ असल्याने तेथील धावपट्टी नागरी विमानांना वायुदलासमवेत वापरावी लागते.

वाऱ्याचा परिणाम दिशेवर अवलंबून असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून वेगवान पश्चिमी वारे वाहतात. त्यामुळे दिल्लीहून कोलकात्यास जाताना वेळ वाचतो, तर परतताना तो अधिक लागतो. पुणे–दिल्ली मार्ग बहुतांशी दक्षिणोत्तर असल्याने हे वारे प्रामुख्याने आडवे लागतात. म्हणून जाण्यायेण्याच्या कालांत तितकी तफावत पडत नाही.

आता पुन्हा भाषेकडे वळू. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’ पासून आला. मूळ अर्थ हाक, म्हणजे हाक पोहोचेल इतके अंतर. ‘योजन’ म्हणजे बैल वा घोडे एकदा जुंपल्यावर तोडता येणारी वाट. ‘मजल’ हा अरबी ‘मंझिल’ या शब्दाचा अवतार. त्याचा मूळ अर्थ उतरण्याचे ठिकाण, मुक्काम. मजल मोजताना मुक्काम हिशेबात धरलेलाच असे. ‘दोन तासांवर’ या प्रयोगात मात्र केवळ वाहनाचा काल मोजला जातो, प्रवाशाचा नव्हे.

हा भेद निव्वळ शाब्दिक नाही. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी ‘दोन तास’ एवढाच हिशेब करून सकाळच्या विमानाने दिल्लीस मुलाखतीला निघाला. विमान वेळेवर उतरले. मुलाखत मात्र हुकली. शहरातून लोहगाव, तेथील तपासणी, सामानाची प्रतीक्षा व दिल्लीतील रस्ता यांची बेरीज त्याने केलीच नव्हती.

यास्तव लिहिताना ‘हवाई अंतर’, ‘उड्डाणकाल’ व घरापासून इष्ट स्थळापर्यंतचा ‘प्रवासकाल’ या तीन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते.