सेकंदाला त्रेसष्ट लाख!

2024-25 या एका वर्षात भारतातल्या सगळ्या घरांनी मिळून किती खर्च केला असेल? दोनशे लाख कोटी रुपये! खरं तर थोडे जास्तच, पण वरचे दोन-तीन लाख कोटी सुटे समजून सोडून देऊ. दोनावर चौदा शून्यं. शून्यं मोजून काही डोळ्यांपुढे येत नाही, तेव्हा पाचशेच्या नोटा घेऊ. नोट पंधरा सेंटिमीटर लांब. टोकाला टोक लावत मुंबईहून निघा. पुणं आलं, नोटा आहेतच. परत फिरा. पुन्हा जा. खंडाळ्याचा घाट दोन लाखदा चढायचा आणि दोन लाखदा उतरायचा, तेव्हा कुठे गठ्ठा संपतो!

डेक्कन क्वीन पुण्याहून सुटून मुंबई गाठते तेवढ्यात देशाच्या खिशातून सात हजार कोटी गेलेले असतात. सेकंदाला त्रेसष्ट लाख. हे वाक्य वाचेपर्यंत दोन-तीन कोटी उडाले.

माणशी महिन्याला हा सगळा खर्च बारा हजारांच्या घरात जातो. यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं मानीव भाडंही धरतात, म्हणजे जे कुणी कुणाला दिलंच नाही तेसुद्धा! दारोदार जाऊन विचारणाऱ्या सरकारी पाहणीत मात्र 2023-24 मध्ये खेड्यातला माणशी खर्च 4,122 रुपयेच निघाला. या दरीवर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडताहेत. भांडू दे, आपण या खर्चातल्या दुधाकडे वळू.

देशात वर्षाला सुमारे 24 कोटी टन दूध निघतं. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशी गावाकडची विहीर घ्या. मिनिटाला अशी एक विहीर दुधानं काठोकाठ भरते, वर पाव विहीर उरते. रात्रीसुद्धा!

आणि सरकारचा खप अजून धरलेलाच नाही. शिक्षकांचे पगार, पोलिसांच्या जीपचं डिझेल, सिव्हिलमधलं सलाईन हे सगळं मिळून आणखी तीस लाख कोटींच्या वर. आता मोफत रेशन बघा. ऐंशी कोटी लोक, माणशी महिन्याला पाच किलो. एका मालगाडीत साधारण 2,600 टन धान्य मावतं. म्हणजे दर अर्ध्या तासाला एक भरलेली मालगाडी, वर्षभर, दिवाळीलासुद्धा सुट्टी नाही!

आता गंमत. उद्यापासून प्रत्येकानं रोज फक्त दहा रुपये जास्त खर्च केले तर? एक कटिंग. तान्ही बाळं चहा पीत नाहीत, कबूल. त्यांच्या नावानं बिस्किटाचा पुडा घ्या. एकशे चाळीस कोटी माणसं, तीनशे पासष्ट दिवस: पाच लाख अकरा हजार कोटी! पुन्हा त्याच पाचशेच्या नोटा मांडा. मुंबई-पुणे रस्ता आता सोडा. चंद्रापर्यंत जा, परत या, पुन्हा चंद्रापर्यंत जा, पुन्हा परत या. एवढा तर नुसता वाढीव चहा झाला!