ब्लॉक फुटला : शिवायचा की बदलायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्यातून मेकॅनिक म्हणाला, 'भाऊ, ब्लॉक फुटला,' की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. अशा वेळी काय करावे, याबद्दल आज बोलायचे आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाने इंजिनावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण माझे मामू अकोल्यात लेथ आणि बोअरिंगचे काम करायचे. बी.ए.च्या उन्हाळी सुट्ट्या मी त्यांच्या दुकानात काळ्या तेलात हात बुडवून काढल्या. तिथे जे पाहिले, तेच सांगतो.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. पिस्टन ज्यात वरखाली होतात ते सिलिंडर, त्यांच्याभोवती पाणी खेळवणाऱ्या पोकळ्या, तेलाच्या वाटा आणि खाली क्रँक ज्यांवर फिरतो त्या बैठका, हे सारे एकाच ओतकामात असते. ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपाच्या डिझेल इंजिनांचे ब्लॉक बहुतेक बिडाचे असतात. आपल्या राज्यात कोल्हापूरकडच्या फौंड्र्यांत ते ओतले जातात. बीड दाब सोसते, थरथर जिरवते; पण ते वाकत नाही, तडकते.

थंड मुलखात ब्लॉक हिवाळ्यात फुटतो, कारण आतले पाणी गोठून फुगते. आपल्याकडे तो मे महिन्यात फुटतो. अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असतो, रेडिएटरमधले पाणी उडून जाते, आणि तापून लाल झालेल्या इंजिनात ड्रायव्हर घाईघाईने विहिरीचे गार पाणी ओततो. एकदम आकसलेले बीड जागेवर तडकते. त्यात आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. तेच बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये जाते. क्षारांचा थर पोकळीच्या भिंतींवर बसतो, उष्णता बाहेर पडू देत नाही, आणि मीठ आतून लोखंड खात राहते. म्हणजे ब्लॉक एका दुपारी फुटलेला दिसला, तरी त्याची तयारी दोन-चार वर्षे चाललेली असते.

एका वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात दर्यापूरकडचे एक शेतकरी ट्रॅक्टर ओढून आणून दुकानासमोर उभे राहिले. तेल दुधाच्या चहासारखे झाले होते आणि ब्लॉकच्या कुशीतून पाणी झिरपत होते.

'चाचा, पोरगा म्हन्ते नवाच घेऊ, कर्ज भेटते. गावचा मेकॅनिक म्हन्ते ब्लॉक गेला. तुमी काय म्हन्ता?'

मामूंनी त्यांना आधी चहा दिला. मग म्हणाले, 'खोलू द्या भाऊ. लोखंड पाह्यल्याबिगर कसं सांगू?'

हा पहिला धडा. तेलात पाणी आले म्हणजे ब्लॉकच फुटला, असे नसते. हेड गॅसकेट जळलेले असू शकते, हेडच तडकलेले असू शकते. ज्या इंजिनात सुटे लायनर असतात आणि पाणी थेट त्यांना लागते, तिथे लायनरखालच्या रबरी रिंगा जळतात किंवा लायनरलाच गंजून बारीक भोक पडते. हे सारे बदलता येते, ब्लॉकला धक्का न लावता.

दुसरा धडा तपासणीचा. ब्लॉक मोकळा करून स्वच्छ धुवायचा. संशयाच्या जागेवर घासलेट लावायचे, थोड्या वेळाने पुसून कोरडे करायचे आणि वर खडूची पूड चोळायची. भेगेत मुरलेले घासलेट पांढऱ्या खडूवर काळी रेघ काढते. ही जुनी रीत. याहून पक्की रीत म्हणजे पाण्याच्या सगळ्या वाटा पट्ट्यांनी बंद करून आत हवेचा दाब द्यायचा आणि वरून साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा निघाला तिथे भेग. त्यानंतर मापे घ्यायची. वरचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फिलर गेजने पाहायचा, सिलिंडर किती झिजला ते मोजायचे आणि क्रँकच्या बैठका एका रेषेत आहेत का ते बघायचे.

त्या ट्रॅक्टरच्या तेलात पाणी आले होते ते लायनरच्या रिंगा जळल्यामुळे. ब्लॉकला भेग होती खरी, पण पाण्याच्या पोकळीच्या बाहेरच्या भिंतीला, चार बोटे लांब. मामू म्हणाले, 'शिवता येते.'

बीड शिवतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. भेगेच्या दोन्ही टोकांना आधी भोके पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेगेवर ओळीने भोके पाडून आटे कापतात आणि त्यांत पिना पिळतात. प्रत्येक पिन शेजारच्या पिनेला थोडी कापत बसते. भेगेला आडव्या चाव्या ठोकून दोन्ही काठ बांधतात. यात उष्णता लागत नाही, हाच मोठा फायदा. वेल्डिंगही होते, पण त्यासाठी अख्खा ब्लॉक भट्टीत हळूहळू तापवावा लागतो, निकेलच्या रॉडने भरावा लागतो आणि राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निववावा लागतो. एकाच जागी तापवून जोड दिला, तर त्याच्या शेजारी नवी भेग पडते.

मग बदलायचा केव्हा? याचे उत्तर भेगेच्या लांबीवर नाही, जागेवर आहे. बाहेरच्या पाण्याच्या भिंतीला फक्त पाण्याचा दाब असतो, तिथे जोड टिकतो. सिलिंडर झिजला, तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो; शेवटचे माप संपले, तर बहुतेकदा स्लीव्ह बसवता येते. पण भेग क्रँकच्या बैठकीत गेली असेल, हेडचे बोल्ट धरणारे बीड तुटले असेल, किंवा तुटलेल्या कनेक्टिंग रॉडने ब्लॉकला खिडकी पाडली असेल आणि तडे खालपर्यंत उतरले असतील, तर हात जोडावेत. तिथे प्रत्येक स्फोटाचा धक्का बसतो.

असाच एक ट्रक दुकानात आला होता. रॉडने ब्लॉक फोडला होता आणि तडा मेन बेअरिंगच्या बैठकीत उतरला होता. मामूंनी काम घेतले नाही. मालक रागावला, म्हणाला, 'पैसे मी देतो, तुमचे काय जाते?' त्याने दुसरीकडून वेल्ड करून घेतले. दोन महिन्यांनी अमरावती रस्त्यावर रात्री त्याचा क्रँक तुटला. मालासकट गाडी सकाळपर्यंत उभी, क्लीनर बिचारा काठावर बसून. ब्लॉक तर गेलाच, चांगला क्रँकही गेला.

खर्चाचा हिशेब करताना नुसती शिलाईची मजुरी धरू नका. गॅसकेट, रिंगा, तेल, ओढून आणण्याचे भाडे आणि बुडालेले दिवस, सगळे धरा. ही बेरीज बदलण्याच्या खर्चाच्या निम्म्यावर गेली, तर बदलण्याचा विचार करा, असे मामू सांगत. आणि 'जोड फुटला तर काय?' हे मिस्त्रीला काम देण्याआधी विचारा.

बदलायचे ठरले, तर कोरा ब्लॉक मिळतो, किंवा क्रँक-पिस्टनसह हाफ इंजिन मिळते. ज्याचा क्रँकही गेला, त्याला हाफ इंजिन बहुधा सोयीचे पडते. कबाडातला जुना ब्लॉक स्वस्त पडतो, पण घासलेट-खडूची परीक्षा झाल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यावरचा इंजिन नंबर नीट पाहा. नंबर घासलेला असेल, तर तो माल घरी आणू नका. तो चोरीचा असू शकतो. नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो, म्हणून ब्लॉक बदलला की गाडीची ओळख बदलते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. गाडी एमएच-27 ची असो की एमएच-30 ची, आरसी पुस्तकातला आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही, तर विम्याच्या दाव्याच्या वेळी किंवा गाडी विकताना अडचण येते. बिल जपून ठेवा.

दर्यापूरचा तो ट्रॅक्टर सहा दिवसांत तयार झाला. नेताना शेतकऱ्याने विचारले, 'आता किती वर्स चालंन चाचा?' मामूंनी रेडिएटरचे झाकण उघडून आतला पांढरा थर बोटाने खरवडून त्यांच्या तळहातावर ठेवला. 'हे किती खाऊ घालता, त्यावर हाये.'

म्हणून शेवटचे सांगतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे लोक म्हणतात. कूलंट पाण्याला उशिरा उकळू देते आणि गंज रोखते, म्हणून ते आपल्याला अधिक हवे. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. अडचणीत निदान पावसाचे गाळलेले पाणी वापरा, बोअरचे नको. आणि इंजिन तापले, तर झाकणाला हात लावू नका. गाडी सावलीत उभी करा, बाभळीखाली अर्धा तास बसा. तेवढा वेळ ब्लॉकच्या किमतीपेक्षा स्वस्त आहे.